उन्हाने पोळलेले पान

बडोद्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर गोव्याचे, फोंडा महालातले. घरामागे पोफळींचे कुळागर होते आणि पोफळींवर नागवेली चढलेल्या होत्या. आईच्या पश्चात ते कुळागर दुसऱ्यांच्या हाती गेले. त्यापूर्वी या भगिनींनी तिथल्या एका वेलीचे दोन तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून बडोद्याला आणले आणि मागच्या ओसरीत कुंडीत लावले. दोन वर्षांत वेल खांबाच्या माथ्यापर्यंत गेली. हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला तिचीच पाने. यंदा होळीनंतर घराला रंग द्यायचा म्हणून साऱ्या कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. इतके दिवस बिचारीला ऊन मिळाले नव्हते, आता मिळेल, असेही मनात होते. पाणी सकाळ-संध्याकाळ चालूच होते. तरी चौथ्या दिवशी पानांच्या वरच्या अंगावर फिकट डाग दिसू लागले आणि आठवडाभरात ते पांढुरके, कागदासारखे कोरडे झाले. त्या विचारतात : पाणी कमी पडले का? एकदा भर दुपारी पानांवर पाणी शिंपडले होते, त्या थेंबांची भिंगे होऊन पाने भाजली का? आणि शेवटी, वेल जगेल ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी दिलेले बरे. खोड टणक असेल आणि पेरांवरचे डोळे हिरवे असतील, तर वेल जगेल. कुंडी आजच सावलीत न्यावी. डागाळलेली पाने मात्र पुन्हा हिरवी होणार नाहीत. का होणार नाहीत, ते पुढे येईलच.

थेंबांच्या भिंगाची समजूत फार जुनी आहे आणि बागकामाच्या पुस्तकांतूनही ती छापलेली आढळते. हंगेरीतील काही संशोधकांनी २०१० साली तिची रीतसर परीक्षा केली. गुळगुळीत पानावर बसलेला थेंब किरण एकत्र आणतो खरा, पण थेंब चपटा असल्यामुळे ते किरण जिथे एकवटायचे ती जागा पानाच्या बरीच खाली पडते, आणि शिवाय पाणी पानाला थंड ठेवते. लव असलेल्या पानांवर थेंब लवेच्या टोकांवर उचलून धरला जातो. तिथे क्वचित भाजण्याचा संभव असतो. नागवेलीचे पान तुळतुळीत. तेव्हा तो आरोप सोडून द्यावा. पाणी कमी पडले असते तर पाने आधी मलूल होऊन लोंबली असती. तसे झाल्याचे पत्रात नाही.

पत्रातच एक बारकाईने टिपलेला तपशील आहे. ज्या पानावर दुसऱ्या पानाची सावली पडत होती, त्याचा तेवढाच भाग हिरवा राहिला. सावलीचा आकार जणू शिक्का मारावा तसा पानावर उमटला. हवा, माती, पाणी आणि खत ही सर्व पानाला सारखीच मिळाली होती. फरक होता तो फक्त प्रकाशाचा. ज्या प्रकाशावर पान जगते त्यानेच ते पोळले.

हे कसे होते, हे पाहण्यापूर्वी प्रकाशाचा हिशेब मांडला पाहिजे, कारण या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. ओसरीतून गच्चीवर गेलो की क्षणभर डोळे दिपतात आणि लगेच सरावतात. बाहुली आकसते, दृष्टिपटल आपली संवेदना कमी करते, आणि आपण समजतो की बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा चार-पाच पट असेल. प्रत्यक्षात खिडकीपासून दूर असलेल्या घरातल्या कोपऱ्यात दुपारच्या उघड्या उन्हाचा शंभरावा हिस्साही पोचत नाही. स्वच्छ आकाशाखाली मध्यान्ही पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगी पडतील असे प्रकाशकण दर सेकंदाला एकावर सतरा शून्ये इतके, किंबहुना किंचित अधिकच, येऊन आदळतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिके एवढा प्रकाश बव्हंशी कामी लावू शकतात. गहू, भात, सोयाबीन यांचे एकेक पान मात्र पूर्ण उन्हाच्या पाव ते निम्म्या प्रकाशातच तृप्त होते. सावलीत वाढलेल्या पानाची भूक तर दहाव्या हिश्शातच भागते. पुढे येणारा प्रकाश त्याला नको असतो. पण नको म्हणण्याची सोय त्याच्याजवळ फारशी नाही. हरितद्रव्याचा रेणू प्रकाशकण समोर आला की तो गिळतोच.

गिळलेली ऊर्जा त्याला फार काळ बाळगता येत नाही. सेकंदाच्या काही अब्जांश भागांत ती कुठेतरी द्यावीच लागते. तिला वाटा तीन. पहिली वाट कामाची : ऊर्जा शेजारच्या रेणूंकडून पुढे जात जात प्रकाशप्रणालीच्या केंद्रात पोचते आणि तिथे पाण्याचे विघटन होऊन इलेक्ट्रॉन वाहू लागतात, ज्यांच्या बळावर पुढे साखर बनते. दुसरी वाट उष्णतेची. तिसरी वाट मंद लाल प्रकाश होऊन परत बाहेर पडण्याची. पानातून असा प्रकाश सतत निघत असतो, परंतु तो आपल्याला दिसत नाही इतका क्षीण. पुढचे काम तुंबले म्हणजे पहिली वाट बंद होते, आणि बाकीच्या दोन अपुऱ्या पडल्या तर काही रेणू ऊर्जा घेऊन ताटकळत राहतात. ताटकळलेल्या रेणूची अवस्था पालटते. रसायनशास्त्रज्ञ तिला 'ट्रिप्लेट' अवस्था म्हणतात. आपल्यापुरते एवढे पुरे की या अवस्थेत रेणू पूर्वीच्या हजारो पटींनी अधिक काळ टिकतो आणि त्या अवधीत त्याची गाठ प्राणवायूशी पडते.

प्राणवायू हा स्वभावाने विलक्षण वायू आहे. इतका क्रियाशील, तरी आपल्या अवतीभवती लाकूड, कापड, कागद, आपले स्वतःचे शरीर हे सगळे त्यात बुडालेले असूनही आपोआप पेट घेत नाही. याचे कारण त्याच्या रेणूतील दोन एकाकी इलेक्ट्रॉनांची ठेवण. ती अशी असते की बहुतेक पदार्थांशी त्याला सहजासहजी संयोग पावता येत नाही. जणू कुलूप लागलेले असते. ताटकळलेले हरितद्रव्य आपली ऊर्जा प्राणवायूला देते तेव्हा ते कुलूप निघते. असा जो चेतवलेला प्राणवायू तयार होतो त्याला 'सिंगलेट ऑक्सिजन' हे नाव आहे. त्याचे आयुष्य सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांचे. तेवढ्यात तो फार दूर जाऊ शकत नाही, म्हणून जे हाताशी असेल त्यावर तुटून पडतो. आणि हाताशी असते ते नेमके हरितद्रव्याला जागच्या जागी धरून ठेवणारे प्रथिन. यात आणखी एक दुर्दैव असे की पाण्यापासून प्राणवायू निर्माण करण्याचे काम त्याच प्रणालीत, त्याच ठिकाणी चाललेले असते. ज्वालाग्राही वस्तू आणि ठिणगी एकाच खोलीत ठेवण्यातला हा प्रकार आहे, आणि त्याला इलाज नाही. पृथ्वीवरचा जवळजवळ सर्व प्राणवायू याच खोलीतून आलेला आहे.

प्रकाश आणि प्राणवायू मिळून प्रथिन बिघडवतात, याचा अनुभव गृहिणींना पानावाचूनही आलेला असेल. काचेच्या पारदर्शक बाटलीतले दूध काही वेळ उन्हात राहिले तर ते नासत नाही, फाटत नाही, पण त्याला एक चमत्कारिक वास येतो. दुधात रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व असते. ते प्रकाश शोषते आणि प्राणवायूला चेतवते. मग दुधाच्या प्रथिनांतील मिथिओनीन या गंधकयुक्त ॲमिनो आम्लाचे ऑक्सिडीभवन होते आणि त्यातून तो वास निघतो. पानात रायबोफ्लेविनच्या जागी हरितद्रव्य आहे, आणि प्रमाण कितीतरी मोठे.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. तिला विशिष्ट घड्या पडल्या म्हणजे ती काम करू लागते. चेतवलेला प्राणवायू सगळ्या मण्यांच्या वाटेला जात नाही. हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, टायरोसीन, मिथिओनीन आणि सिस्टीन हे पाच त्याचे आवडते. मिथिओनीनने एक प्राणवायूचा अणू पकडला तर तो परत काढून घेणारे खास एन्झाइम वनस्पतींजवळ असते (आपल्याही शरीरात असते). भांड्यावरचा डाग चिंचेने घासून काढावा तसे ते काम. ट्रिप्टोफॅनची गोष्ट वेगळी. त्याचे कडे एकदा तुटले की सांधता येत नाही. मणी फुटला, घडी मोडली. आता सबंध माळच टाकून नवी ओवायची.

आता त्या एका माळेची हकीकत सांगतो, जिच्यावर हा सगळा मार येतो.

तीव्र प्रकाशात पानाची काम करण्याची शक्ती मंदावते हे आल्फ्रेड एवर्ट यांनी १८९६ सालीच नोंदवले होते, आणि बेसेल कॉक यांनी १९५६ साली त्याचा बारकाईने अभ्यास केला. परंतु पानात नेमके काय बिघडते ते कळले नव्हते. उलगडा झाला तो एका निराळ्याच वाटेने. अवतार कृष्ण मट्टू हे काश्मिरी शास्त्रज्ञ. पत्रलेखिकेला ऐकून आनंद वाटेल की त्यांचे आरंभीचे संशोधन बडोद्याचे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात असताना त्यांनी आणि व्ही. व्ही. मोदी यांनी आंबा पिकण्यात इथिलीन वायूचा वाटा काय, यावर १९६९ साली निबंध प्रसिद्ध केला. पुढे इस्राएलमधील वाइझमन संस्थेत मट्टू, मार्विन एडेलमन आणि त्यांचे सहकारी तळ्याच्या पाण्यावर मसुरीएवढ्या हिरव्या पानांचा थर करणाऱ्या एका इवल्याशा वनस्पतीवर काम करीत होते. किरणोत्सारी गंधक असलेले मिथिओनीन त्या वनस्पतीला देऊन कोणती प्रथिने नव्याने बनतात हे ते पाहत. त्यांना दिसले ते मोठे चमत्कारिक होते. हरितलवकात एक प्रथिन अतिशय जोमाने बनत होते, इतरांहून कितीतरी अधिक; आणि तरीही त्याचा साठा वाढत नव्हता. जितके बनत होते तितकेच नाहीसे होत होते. अंधारात ते टिके. प्रकाशात झरझर झिजे. १९८१ आणि १९८४ सालच्या निबंधांतून हे चित्र स्पष्ट झाले. याच १९८४ साली काइल, ओहाद आणि आर्न्ट्झेन या तिघांनी एका हरित शैवालावर प्रयोग करून दाखवले की तीव्र प्रकाशात आधी या प्रथिनाचे काम थांबते, मागाहून ते प्रथिनच गळून जाते, आणि नवे तयार झाले की काम पूर्ववत चालू होते.

या प्रथिनाचे नाव डी-वन. सुमारे साडेतीनशे मण्यांची माळ. दुसऱ्या प्रकाशप्रणालीच्या अगदी गाभ्यात, जिथे पाणी दुभंगते आणि इलेक्ट्रॉनांचा प्रवाह सुरू होतो, तिथे ते बसलेले असते. शेतकरी वापरतात ते डायुरॉन नावाचे तणनाशक याच प्रथिनाला चिकटून तणाचा घात करते, यावरून त्याचे महत्त्व कळावे. पानातली इतर प्रथिने दिवसच्या दिवस, आठवडेही टिकतात. कडक उन्हात डी-वनचे आयुष्य घटका-दोन घटकांचे.

काही अभ्यासक त्याला घरातल्या विजेच्या फ्यूजची उपमा देतात : भार वाढला की स्वस्तातली तार वितळते आणि महागाची यंत्रे वाचतात. उपमा आकर्षक आहे, पण मला ती पुरती पटत नाही. फ्यूज भार वाढेपर्यंत स्वस्थ असतो. डी-वन तसे नाही. पानाला लिंकोमायसीनसारखे, हरितलवकातील प्रथिनांची निर्मिती बंद पाडणारे औषध दिले, म्हणजे दुरुस्ती थांबवली, तर साध्या सौम्य प्रकाशातही दुसरी प्रकाशप्रणाली हळूहळू निकामी होत जाते. आणि ती निकामी होण्याचा वेग प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो. अमुक मर्यादेपर्यंत सुरक्षित आणि तिच्यापलीकडे धोका, अशी रेषाच तिथे सापडत नाही. कोवळ्या उन्हातले टवटवीत पानही प्रतिक्षणी मोडत असते. आपल्याला ते दिसत नाही, कारण मोडते तितकेच ते त्याच वेळी सांधले जात असते.

ही दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. हरितलवकात पातळ पटले नाण्यांच्या चवडीसारखी एकावर एक रचलेली असतात. मोडलेली प्रणाली चवडीतून बाहेर निघून कडेच्या मोकळ्या पटलाकडे सरकते. तिथे तिचे काही भाग सुटे होतात, प्रथिने कातरणारी एन्झाइमे बिघडलेले डी-वन तेवढे कुरतडून काढतात, आणि त्याच जागी नवी माळ ओवून बसवली जाते. बाकीचे सुटे भाग जपून ठेवलेले असतात. ते पुन्हा जोडून प्रणाली चवडीत परत जाते. जुन्या वाड्याचे वासे, खांब, कड्या तशाच ठेवून वाळवी लागलेली एक तुळई बदलावी, आणि तीही घरात माणसे राहत असताना. भर उन्हाळ्यात एकेका पानात हे दिवसातून कित्येकदा घडते.

मग पान पोळते केव्हा? मोडतोड दुरुस्तीच्या पुढे जाते तेव्हा. आणि इथे ऑक्सिडीभवनाची दुसरी करामत आहे, जी पहिल्यापेक्षा घातक म्हणावी लागेल. जपानमधील निशियामा, मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ सालापासून नील-हरित शैवालांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की चेतवलेला प्राणवायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा मोठा परिणाम डी-वन मोडण्यावर नसून नवे डी-वन बनण्यावर होतो. माळ ओवताना एकेक मणी पुढे सरकवणारे एक साहाय्यक प्रथिन असते. त्या प्रथिनाचेच ऑक्सिडीभवन होते आणि ओवण्याचे काम थांबते. म्हणजे आग घराला लागली ती लागलीच, पण पाणी ओढणाऱ्याचे हातही भाजले. मूळ मोडतोड कशाने होते याविषयी आजही दोन मते आहेत. काहींच्या मते आरंभ चेतवलेल्या प्राणवायूनेच होतो. काहींच्या मते पाणी दुभंगणाऱ्या मँगॅनीजच्या अणूंवर प्रकाशाचा, विशेषतः जंबुपार आणि निळ्या किरणांचा, आघात आधी होतो आणि प्राणवायूचा उपद्रव मागून. मला दुसऱ्या मतात बरेच तथ्य वाटते, परंतु दुरुस्ती हाच कळीचा मुद्दा आहे याबद्दल दोन्ही पक्षांत फारसा वाद नाही.

दुरुस्ती एकदा मागे पडली की पुढचा प्रकार झपाट्याने होतो. हरितद्रव्य स्वतःच जळून विरंजन पावते, पटलांतील स्निग्ध पदार्थ खवट तेलासारखे बिघडतात, पेशी फुटतात आणि वाळतात. पांढुरका कागदी डाग दिसतो तो हा शेवटचा अंक. त्या डागात जिवंत पेशीच उरलेल्या नसतात. म्हणून तो पुन्हा हिरवा होत नाही.

आता नागवेलीकडे वळू. कुळागरात पोफळीच्या आणि माडाच्या झावळ्यांतून गाळून आलेला प्रकाश तिच्या वाट्याला येतो. बुंदेलखंडात पानाची लागवड करणारे लोक तर बांबू आणि गवताचे छप्पर घालून बंदिस्त 'बरेजा' उभारतात आणि त्यात वेल वाढवतात. सावलीतले पान रुंद आणि पातळ असते. मिळेल तो प्रकाश वेचून घेण्यासाठी त्यात हरितद्रव्याचे सापळे मोठे आणि साखर बनवणारी यंत्रणा बेताची. नको असलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने उधळून देणारी पिवळी रंगद्रव्येही त्यात कमी. ओसरीतल्या दोन वर्षांत भगिनींच्या वेलीची सगळी पाने अशी घडलेली होती. गच्चीवर त्यांच्यावर एका दिवसात कितीतरी पट प्रकाश कोसळला. पाणी भरपूर होते हे चांगलेच. पण पाण्याने या तुंबलेल्या ऊर्जेची वाट मोकळी होत नाही.

अशी वेल, किंवा घरात वाढलेली कोणतीही कुंडी, उजेडात न्यायचीच असेल तर पहिले काही दिवस सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, असे करीत दोन-तीन आठवडे घ्यावेत. आषाढ-श्रावणात, आभाळ झाकोळलेले असताना हे काम सर्वांत सोपे. जुनी पाने थोडीफार सरावतील, पण खरा फरक नव्या पानांत पडतो. उजेडात उमललेले पान मुळातच जाड आणि सोशिक घडते. डागाळलेली पाने सगळी एकदम खुडू नयेत. त्यांच्या हिरव्या राहिलेल्या भागावर वेलीचे पोट चालू आहे. नवी पालवी येईपर्यंत खतही देऊ नये. आणि नागवेलीपुरते सांगायचे तर तिला भर उन्हाची सवय लावण्याचा हट्टच धरू नये. सकाळचे तिरपे ऊन आणि दिवसभर सावली एवढे तिला पुरे आहे.

ग्वाल्हेर, झाशीकडच्या वाचकांना असाच प्रकार अगदी उलट ऋतूत दिसेल. पौष-माघात रात्री कडाक्याची थंडी पडते आणि सकाळी लख्ख ऊन निघते. दव गोठलेले नसतानाही केळीची, काकडीची, टोमॅटोच्या रोपांची पाने फिकट पडतात आणि थंडीने मारली असे आपण म्हणतो. थंडीचा हात त्यात आहेच, पण ती एकटी नसते. प्रकाश गिळण्याच्या क्रियेवर थंडीचा काही परिणाम होत नाही. साखर बनवणे आणि डी-वनची माळ ओवणे ही दोन्ही कामे मात्र थंडीत गारठतात. साधे सकाळचे ऊनही अशा वेळी जास्त होते. म्हणून रोपांवर रात्री घातलेले गोणपाट सूर्य उगवताच घाईने काढू नये. हवेत ऊब येईपर्यंत राहू द्यावे. ग्रीष्मात पाणी तुटले म्हणजेही हेच घडते : पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येईनासा होतो, साखरेचे काम थांबते, आणि कालपर्यंत सोसत असलेले ऊन आज जड होते.

वनस्पती हे सारे मुकाट्याने सोसत बसतात असे नाही. माळव्यातल्या शेतकऱ्यांनी पाहिले असेल, पावसाने ताण दिला की भर दुपारी सोयाबीनचे शेत चंदेरी दिसू लागते. पाने आपली चपटी बाजू सूर्याकडून फिरवतात आणि खालचे फिकट अंग वर येते. पानाच्या आतही अशीच हालचाल चालते. तीव्र प्रकाशात हरितलवके पेशीच्या दर्शनी भागातून सरकून कडेच्या भिंतींशी उभी राहतात आणि एकमेकांच्या सावलीत दडतात. जपानी संशोधकांनी २००२ साली ही हालचाल न करू शकणारी रोपे घेऊन पाहिले, तेव्हा ती कडक प्रकाशात लवकर पोळली. सर्वांत नाजूक युक्ती पिवळ्या रंगद्रव्यांची. ऊन वाढले की काही मिनिटांतच व्हायोलाझँथिन या द्रव्याचे झियाझँथिन बनते आणि हरितद्रव्याने गिळलेली जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाऊ लागते. (मक्याच्या पिवळ्या दाण्यात असते ते हेच झियाझँथिन, आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागीही ते आढळते.) ढग आला, ऊन उतरले, की उलट क्रिया होऊन पान पुन्हा काटकसरीने प्रकाश वापरू लागते. मात्र ही उलट क्रिया सावकाश होते. ढगाची सावली येऊन निघून गेली तरी पान ऊर्जा उधळतच असते. जिवाच्या भीतीने घेतलेल्या या खबरदारीत पिकाचे थोडे उत्पन्न बुडते.

ही खबरदारी अधिक लवकर आवरती घ्यायला पिकाला शिकवता येईल का, हा प्रश्न घेऊन अमेरिकेतील इलिनॉय येथे एक गट काम करीत आहे. २०१६ साली त्यांनी तंबाखूच्या रोपांत यासाठी लागणाऱ्या तीन प्रथिनांची निर्मिती वाढवली आणि शेतातल्या चाचणीत रोपांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी अधिक भरले. २०२२ साली सोयाबीनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या हंगामात काही वाणांचे उत्पन्न सरासरीने जवळजवळ पाव हिश्शाने वाढलेले होते. दुसऱ्या हंगामात पीक आडवे पडले आणि ती वाढ स्पष्टपणे आढळली नाही. इलिनॉयचा उन्हाळा आणि माळव्याचा भाद्रपद यांत पुष्कळ अंतर आहे. पावसात खंड पडून चार-चार दिवस कोरडे ऊन तापते, अशा ठिकाणी संरक्षण लवकर आवरते घेणारे सोयाबीन पुन्हा तितक्याच तत्परतेने ते उभारू शकेल का, हे आपल्याकडच्या शेतातच पाहावे लागेल.

आंब्याची आणि पिंपळाची कोवळी पालवी तांबूस का असते, असे आणखी दोन वाचकांनी विचारले आहे. त्याचाही या विषयाशी संबंध आहे, पण त्यात मतभेद बरेच असल्याने तो पुढच्या अंकासाठी राखून ठेवतो.